आधी झाडू, मग कीर्तन



आजच्या व्याख्यानाचा विषय आरोग्याचा असला, तरी त्यात औषधांची नावे फारशी येणार नाहीत. कोणत्या आजारावर कोणती गोळी घ्यावी हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. येथे विचार करायचा आहे तो त्याच्या आधीच्या टप्प्याचा. माणसाला कळते, पण वळत नाही, असे का होते? आणि ज्या थोड्या ठिकाणी कळलेले वळलेही, तेथे नेमके काय घडले?

आपल्या समाजात आज माहितीचा दुष्काळ उरलेला नाही. तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाने विद्रूप झालेल्या तोंडाचे चित्र छापलेले असते आणि पुडी फोडणारा माणूस ते चित्र दिवसातून दहा वेळा पाहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक १३ कोटींहून अधिक आहेत. या घरांपैकी बहुतेक घरांत ‘गोड कमी करा, रोज चाला’ हे वाक्य अनेकदा उच्चारले गेलेले असते. तरीही सणाच्या दिवशी मधुमेही आजोबांच्या पानात दुसरी पुरणपोळी पडते. ती वाढणारा हात शत्रूचा नसतो. तो सुनेचा किंवा लेकीचा असतो आणि त्या आग्रहामागे निखळ प्रेमच असते.

सारी अडचण येथेच आहे. आपल्या सवयी आपल्या एकट्याच्या नसतात. त्या नात्यांत, रीतिरिवाजांत, प्रतिष्ठेच्या कल्पनांत आणि रोजच्या दिनक्रमात विणलेल्या असतात. एक धागा ओढायचा म्हटले तर सारे वस्त्र ताणले जाते. म्हणूनच नुसत्या उपदेशाने सवय बदलत नाही. आणि समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याची पहिली चूक बहुधा हीच असते, की त्याचा उपदेशावर फार विश्वास असतो.

ज्याने हातात खराटा घेतला

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ एका नावानेच करावा लागतो. संत गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले आणि लहानग्या डेबूला घेऊन आईला माहेरचा आसरा घ्यावा लागला. पुढे डेबूजीला मुलगी झाली. बारशाला मांस आणि दारू यांची पंगत घालायची, ही त्या काळची रूढी होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. जातभाई रुष्ट झाले, पण त्याने माघार घेतली नाही.

या प्रसंगात वरवर पाहता काहीच भव्य नाही. व्याख्यान नाही, घोषणा नाही. एका तरुण बापाने आपल्या घरच्या पंगतीत काय वाढायचे एवढेच ठरवले. परंतु ज्या दारूने बाप नेला, तिला आपल्या लेकीच्या बारशाला पान मांडायचे नाही, हा निर्णय त्याने चार लोकांसमोर घेतला आणि त्याची किंमतही चार लोकांसमोर मोजली. सवयीच्या क्षेत्रातील नेतृत्वाची ही पहिली पायरी होय.

१९०५ साली घर सोडल्यानंतर त्यांची जी पद्धत बनली, ती आज आरोग्यप्रसाराच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती. बाबा गावात येत ते खराटा घेऊन. येताच गावातील रस्ते आणि नाल्या झाडू लागत. लोक प्रथम चकित होत, मग संकोचत, मग एकेक जण हातात झाडू घेई. दिवसभर गाव स्वच्छ झाल्यावर रात्री कीर्तन होई. त्या कीर्तनात बाबा लांबलचक निरूपण करीत नसत, ते प्रश्न विचारीत. समोरचा अडाणी समजला जाणारा शेतकरी, मजूर उत्तर देई. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येई. अखेरीस जे सत्य श्रोत्यांच्या गळी उतरे, ते त्यांच्याच तोंडून निघालेले असे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, देवाच्या नावाने मुके प्राणी मारू नका, अस्पृश्यता पाळू नका, हे सारे बाबांनी सांगितले आणि ते लोकांनी ऐकून घेतले. कारण सांगणाऱ्याच्या अंगावरच्या चिंध्या आणि हातातला खराटा ही त्याच्या शब्दांची साक्ष होती.

आधी झाडू, मग कीर्तन. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केला, की उरते ते केवळ भाषण.

सत्य सांगूनही जो हरला

क्रम चुकला तर काय होते, याचे एक करुण उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर प्रसूतिविभागात काम करीत होता. तेथे दोन कक्ष होते. एकात सुइणी बाळंतपण करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी अधिक होते. सेमेलवाइसने कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत होते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्या कक्षातील मातामृत्यूंचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. ऑगस्टमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले.

इतका स्वच्छ पुरावा हाती असूनही त्या काळच्या वैद्यकविश्वाने सेमेलवाइसला स्वीकारले नाही. याची कारणे अनेक होती. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झाला नव्हता, हे त्यांतील एक. परंतु दुसरे कारण माणसाच्या स्वभावातले होते. ‘तुमच्याच हातांनी या माता मेल्या,’ असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ निघत होता. सद्गृहस्थ डॉक्टरांना तो अपमान वाटला. पुढे सेमेलवाइसने विरोधकांना जाहीर पत्रांतून थेट खुनी ठरवले. कटुता वाढत गेली आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याचे म्हणणे जगाने मान्य केले, पण ते त्याच्या मृत्यूनंतर.

सेमेलवाइसचे विज्ञान अचूक होते. पण आरोप अंगावर आला, की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो आणि विचार नंतर. घरात तंबाखू खाणाऱ्या भावाला चारचौघांत टोचून बोलणारा, किंवा वस्तीत जाऊन ‘तुम्ही लोक घाणेरडे राहता म्हणून आजारी पडता’ असे सांगणारा, सेमेलवाइसची चूक पुन्हा करीत असतो. आणि बहुधा सेमेलवाइसची तपश्चर्या त्याच्यापाशी नसते.

गडचिरोलीची आरोग्यदूत

आता व्यक्तीकडून समाजाकडे वळू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्या वेळी तेथील बालमृत्यूंचे प्रमाण भयानक होते. १९८८ मध्ये त्यांच्या कार्यक्षेत्रातील गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२१ बालके वर्षाच्या आत मरत होती. प्रत्येक आठव्या-नवव्या पाळण्यामागे एक रिकामा होत होता, असे म्हटले तर आकड्याचा अर्थ उमगेल.

हे मृत्यू का होत होते? शहरातील माणूस चटकन उत्तर देतो : अज्ञानामुळे. पण गडचिरोलीचा अनुभव या उत्तरापाशी थांबू देत नाही. उदाहरणार्थ, गरोदर स्त्रीने कमी खावे अशी तेथे समजूत होती. शहरी डॉक्टर त्याला अंधश्रद्धा म्हणेल. परंतु त्यामागचा हिशेब असा होता, की जास्त खाल्ले तर पोटातले मूल मोठे होईल आणि मोठे मूल अडले तर बाई मरेल. जेथून रुग्णालय कोसोगणती दूर, रस्ता नाही, पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही, तेथे ही भीती खुळचट म्हणता येईल काय? त्या भीतीचे निवारण न करता ‘जास्त खा’ असे सांगणे, म्हणजे त्या स्त्रीला तिच्या दृष्टीने मरणाकडे ढकलणे होते. बाळ जन्मताच त्याला आंघोळ घालणे, पहिले दोन-तीन दिवस अंगावर न पाजणे, बाळ-बाळंतिणीला धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवणे, या प्रथांनाही कोणत्या ना कोणत्या जपणुकीच्या भावनेचा आधार होता. त्यांतून अपाय होत होता हे खरे. पण त्या करणारी आजी नातवाची वैरीण नव्हती.

म्हणून तेथे बाहेरचा उपदेशक पाठवला गेला नाही. गावातीलच थोडी शिकलेली स्त्री निवडली गेली आणि तिला ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. ती कोणाची सून होती, कोणाची जाऊ होती. तिला गावाची बोली येत होती आणि कोणत्या घरात कोणाचा शब्द चालतो हेही ठाऊक होते. गरोदर स्त्रीशी ती बोले, तशीच तिच्या सासूशीही बोले, कारण बाळंतपणाच्या खोलीत अंतिम सत्ता सासूची असते. बाळंतपणाच्या वेळी ती सुइणीबरोबर हजर राही. सुइणीला तिने दूर सारले नाही. बाळाला कोरडे करून गुंडाळणे, लगेच आईच्या छातीशी लावणे, वजन करणे, ठरलेल्या दिवशी पुन्हा घरी जाऊन पाहणे, बाळाने दूध ओढणे सोडले किंवा ते थंड पडले तर जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सारे ती शिकली.

१९९३ ते १९९८ या काळात हा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवण्यात आली. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण या गावांत हजारी ६२ होते, ते २५ च्या आसपास आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली केंद्र सरकारने नवजात बालकांच्या घरोघर देखभालीचा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर राबवण्यास प्रारंभ केला. आज एखाद्या खेड्यात बाळंतिणीच्या घरी वजनाचा झोळीकाटा घेऊन येणारी ‘आशाताई’ दिसते, तिच्या मागे गडचिरोलीच्या त्या थोड्याशा शिकलेल्या स्त्रिया उभ्या आहेत.

याच संस्थेच्या दवाखान्याची कथाही बोधप्रद आहे. गोंड बांधव रुग्णालयात यायला घाबरत. त्यांनाच विचारले, तेव्हा कळले, की मोठमोठ्या इमारतींत जीव गुदमरतो, नातेवाइकांना बरोबर राहू देत नाहीत, आणि त्या जागेत देव नाही. मग शोधग्राममध्ये आदिवासी खेड्यासारखी रचना झाली. रुग्णाबरोबर घरचे लोक राहतील अशा झोपड्या उभ्या राहिल्या आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. देवीच्या नावाने तापाची गोळी अधिक गुणकारी होत नाही, हे उघडच आहे. पण त्या नावामुळे रुग्ण गोळीपर्यंत येऊन पोहोचतो. ज्याच्यासाठी काम करायचे त्याची श्रद्धा ही अडगळ मानायची की त्याच्या घरात शिरण्याचे दार, याचा निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याला घ्यावा लागतो.

कायदा आणि काठी

समाजाच्या सवयींचा विचार करताना कायद्याचा प्रश्न येतोच. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूबंदीची चळवळ उभी राहिली. गावोगाव स्त्रिया एकत्र आल्या, ग्रामसभांनी ठराव केले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही मोठ्या आंदोलनानंतर २०१५ साली दारूबंदी आली; पण २०२१ साली शासनाने ती उठवली. अवैध दारूचा सुळसुळाट आणि बुडणारा महसूल ही कारणे त्या वेळी सांगण्यात आली. गडचिरोलीतही अवैध दारूचा प्रश्न संपलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच तेथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमातून दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावपातळीवर संघटन उभारण्याचे काम नव्याने हाती घ्यावे लागले.

यावरून कायदा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कायदा कुंपणासारखा आहे. कुंपण असले तर राखणे सोपे जाते. पण राखणारा झोपला तर कुंपणाने पीक वाचत नाही. महाराष्ट्रात स्त्री मतदारांच्या मतदानाने गावातील वा प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आहे. ‘बाटली आडवी’ या नावाने ती घरोघर ठाऊक झाली. तिची अट कठोर आहे : मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर एकूण नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. ही अट पुरी करायची तर घराघरांत फिरावे लागते, भिडस्त स्त्रीला बाहेर काढावे लागते, नवऱ्याच्या धाकाला उत्तर द्यावे लागते. ज्या गावात बाटली आडवी झाली, तेथे दुकान बंद होण्याआधीच शेकडो स्त्रियांनी एकमेकींना धीर दिलेला असतो. पुढे चोरटी दारू विकणाऱ्याच्या दारात उभे राहण्याचे बळ त्या बांधणीतूनच येते.

स्वच्छतेच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत स्पर्धा लागली आणि हजारो गावांनी श्रमदानाने आपले रूप पालटले. अनुदानाची वाट न पाहता लोक एकत्र येतात, हे त्या अभियानाने दाखवून दिले. पण काही ठिकाणी तपासणीचे पथक येऊन गेले, की खराटे कोपऱ्यात गेले. पुढच्या काळातील शौचालयाच्या मोहिमांतही बांधलेल्या शौचालयात गोवऱ्या आणि सरपण रचून ठेवल्याचे दृश्य दिसले. उघड्यावर बसणाऱ्याच्या मागे शिट्ट्या वाजवून त्याला लाजवण्याचे प्रकारही झाले. लाजेने माणूस जागा बदलतो, मन बदलत नाही. शिवाय ज्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी पाणीच नाही, त्याला लाजवून शौचालय वापरायला कसे लावणार?

लोण्याचा प्रदेश बदलला

आता एका संपूर्ण प्रदेशाने आपला आहार कसा बदलला, त्याची कथा. ती फिनलंडमधील आहे. रशियाच्या सीमेलगतचा उत्तर कारेलिया हा जंगलांचा आणि दूधदुभत्याचा प्रदेश. १९७० च्या सुमारास तेथे कर्ते पुरुष हृदयविकाराने पटापट मरत होते. कष्टाळू, धट्टेकट्टे लाकूडतोडे आणि शेतकरी चाळिशी-पन्नाशीत कोसळत. १९७१ साली तेथील लोकप्रतिनिधींनी राजधानीला अर्ज केला : आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ साली काम सुरू झाले आणि पेक्का पुस्का या तिशीही न ओलांडलेल्या डॉक्टरकडे त्याची सूत्रे आली.

रोगाची मुळे ताटातच होती. जवळजवळ ९० टक्के लोक पावाला लोणी लावून खात. मीठ भरपूर, मांसात चरबी भरपूर, भाज्या जवळजवळ नाहीत. पालापाचोळा हे जनावरांचे खाद्य अशी समजूत. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. हे बदलण्यासाठी पुस्कांनी रुग्णालयात बसून वाट पाहिली नाही. ते गृहिणींच्या ‘मार्था’ नावाच्या जुन्या संघटनेकडे गेले. त्या स्त्रियांनी गावोगाव मेळावे भरवून तेथलेच पारंपरिक पदार्थ कमी चरबीत आणि अधिक भाज्या घालून शिजवून वाढले. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या आणि धूम्रपान सोडण्याच्या स्पर्धा लागल्या. प्रत्येक गावातील मान्यवर माणसांना हाताशी धरण्यात आले.

पण एक मोठा अडसर होता. लोणी कमी खा म्हटले, तर दूधउत्पादक शेतकऱ्याने काय करायचे? तो विरोध करणारच, आणि त्याचा विरोध पोटाचा होता. म्हणून त्या थंड प्रदेशात उत्तम वाढणाऱ्या बोरवर्गीय फळांची लागवड करण्यासाठी शेतकऱ्यांना साहाय्य देण्यात आले. पुढे सरकारनेही साथ दिली आणि १९७६ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घातली. सुमारे चार दशकांत तेथील कर्त्या वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले.

या यशात तीन गोष्टी एकवटल्या होत्या. घरातील स्त्रीच्या हाती कृती होती, गावाची प्रतिष्ठा पणाला लागली होती, आणि ज्याचे नुकसान होणार त्याच्या पोटाची सोय केली होती. आपल्याकडे तंबाखूबंदीची भाषा करताना विडी वळणाऱ्या बाईचा विचार किती वेळा होतो?

आपल्या देशाचे स्वतःचे उदाहरण पोलिओचे आहे. १९९५ साली ‘पल्स पोलिओ’ मोहीम सुरू झाली. २००९ सालीदेखील देशात ७४१ रुग्ण आढळले होते. जगातील सर्वाधिक रुग्ण आपल्याकडे होते. उत्तर प्रदेशातील काही वस्त्यांत ‘या थेंबांनी वंध्यत्व येते’ अशी अफवा पसरली होती आणि दारे बंद होत होती. त्या लोकांना दूषणे देऊन दारे उघडली नाहीत. त्यांच्यातील धर्मगुरू, शिक्षक आणि शेजारणी लसकऱ्यांबरोबर फिरू लागल्या, वस्तीच्या इतर दुखण्यांचीही विचारपूस होऊ लागली, तेव्हा ती उघडली. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या देशाला हे कधीच जमणार नाही असे तज्ज्ञ म्हणत, त्या देशाने ते करून दाखवले. त्यात एकही घर परके मानून चालले नसते, कारण एक घर सुटले तरी विषाणूला आसरा मिळतो.

घरापासून प्रारंभ

या साऱ्याचा आपल्या घराशी संबंध काय? संबंध अगदी ताटाशी आहे.

पहिली गोष्ट आग्रहाची. आतिथ्य हे आपले भूषण आहे आणि ते टिकले पाहिजे. परंतु आग्रहाचा पदार्थ बदलता येतो. दुसऱ्या पोळीऐवजी कोशिंबीर पुढे करणाऱ्या गृहिणीचे प्रेम कमी पडत नाही. ‘आमच्या घरी पानात वरून मीठ वाढायचे नाही’ असे एकदा ठरले, की रोज कोणाला काही सांगावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ सांगते. लोणचे, पापड आणि फरसाण मिळून ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट, नवी सवय जुन्या सवयीला बांधावी. ‘उद्यापासून नियमित गोळी घेईन’ हा संकल्प आठवडाभर टिकतो. ‘तुळशीला पाणी घातले, की रक्तदाबाची गोळी’ असे बांधून टाकले, तर तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. तसेच चालण्याचे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा, असे तज्ज्ञ सांगतात. एकटा माणूस पावसाचे निमित्त सांगून घरी बसतो. खाली शेजारी हाक मारीत उभा असला, तर छत्री घेऊन उतरतो. वारकरी शेकडो मैल चालतो, त्यात भक्तीबरोबर दिंडीचाही वाटा असतोच.

तिसरी गोष्ट व्यसनाची. २००९-१० मध्ये देशातील ३४.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण २८.६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ झाले. म्हणजे माणसे सोडतात, सोडू शकतात. परंतु फार थोड्यांना ते पहिल्याच प्रयत्नात साधते. पंधरा दिवसांनी पुन्हा खर्रा तोंडात टाकलेल्या माणसाला ‘पाहिलेस? तुझ्याने होणारच नव्हते,’ असे म्हणणारे घर त्याचा पुढचा प्रयत्न मारून टाकते. ‘या वेळी पंधरा दिवस निभावलेस, पुढच्या वेळी महिना,’ असे म्हणणारे घर त्याला दुसऱ्यांदा उभे करते. तंबाखू सोडायला साहाय्य करणाऱ्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक आता पुडीवरच छापलेला असतो. तो क्रमांक फिरवताना कोणी शेजारी बसले, तर धीर येतो.

आणि चौथी गोष्ट वस्तीत काम करणाऱ्यांसाठी. कोणत्याही वस्तीत पहिल्या दिवशी भाषण ठेवू नये. महिनाभर केवळ जावे, बसावे, ऐकावे. पाणी कोठून येते, ते कोण भरते, गरोदर बाईला काय खायला देतात आणि का, मूल आजारी पडले तर प्रथम कोणाकडे नेतात, हे जाणून घ्यावे. ज्या प्रथेला आपण नावे ठेवणार, तिच्यामागची काळजी आधी शोधावी. मग त्या वस्तीतीलच एक ताई, एक दादा शोधावा आणि पुढचे श्रेय त्यांना द्यावे. आपले नाव विसरले गेले आणि सवय उरली, तर काम झाले असे समजावे.

डेबूजीच्या घरातील त्या बारशाची आठवण येथे पुन्हा होते. त्या पंगतीला बसलेल्या एखाद्याने घरी परतताना मनाशी काय म्हटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कदाचित तो चिडला असेल. कदाचित पुढच्या वर्षी आपल्या घरच्या कार्यात दारू आणताना त्याचा हात क्षणभर अडखळला असेल. समाज बदलतो तो अशा अडखळलेल्या हातांनी. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी यंदा काही ना काही कार्य होईल, पंगत बसेल. त्या पंगतीत काय वाढायचे आणि काय वाढायचे नाही, एवढे जरी आजच्या या व्याख्यानानंतर घरी बसून ठरले, तरी पुष्कळ झाले.